मीटर बदलण्याआधी दोनशे रुपये मागा

या आठवड्याच्या व्हिडिओत डॅशबोर्डचे काटे कसे तपासायचे ते दाखवलंय. व्हिडिओत हात दिसतात, हिशोब दिसत नाही, म्हणून हे वेगळं लिहितोय. माझं म्हणणं असं आहे की आपण गॅरेजवाले आणि स्पेअरवाले तपासणीचे पैसे घेत नाही, आणि पैसे घेत नाही म्हणून तपासणीच करत नाही. काटा चुकला की मीटर बदल, नाही जमलं तर सेन्सर बदल, तरी नाही जमलं तर फ्लोट बदल. पार्टवर मार्जिन मिळतं ना!

हे दुसऱ्याकडे बोट दाखवून म्हणत नाहीये. चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कशेळ्याकडचे एक काका पिकअप घेऊन माझ्या दुकानात आले. मांडवाचं सामान वाहायचे. तक्रार काय, तर टेंपरेचरचा काटा मध्येच वर उडतो. डिझेलचा काटाही हलतो म्हणाले, "पण त्याचं काही नाही रे, मी अंदाजाने भरतो." त्या "त्याचं काही नाही"मध्ये अर्धं निदान होतं आणि मी ते कानाआड केलं. दुकानात गर्दी होती. जुना मीटर काढला, नवीन बसवला, ४,२०० रुपये घेतले. दुपारी उभ्या गाडीत काटा एकदम ठीक. आठ दिवसांनी काका परत. मग सेन्सर बदलला, ३५० रुपये. तरी रात्री लाइट लावली की काटा वर.

तिसऱ्यांदा काका आलेच नाहीत. काटा खोटा आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. मे महिन्यात लोणावळ्याचं काम घेऊन निघाले, खोपोली सोडून घाट चढताना होज पाइप फुटला. या वेळी काटा खरोखर तापल्याचं दाखवत होता. काका चालवत राहिले. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, ऐन लग्नसराईत गाडी तीन आठवडे उभी. मला फोनवर एवढंच म्हणाले, "तूच सगळं नवीन टाकलंस ना? तरी काटा तसाच. मग मी काय समजायचं?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. इंजिनाचं काम झाल्यावर गाडी मागून घेतली आणि डॅशबोर्ड पुन्हा खोलला. दोष सापडायला वीस मिनिटं लागली. मीटरची अर्थची वायर आतल्या बाजूला बॉडीला एका बोल्टने धरलेली, ब्लोअरचा अर्थही त्याच बोल्टवर, आणि लगच्या खाली हिरवा-तांबडा गंज. हेडलाइट आणि ब्लोअर चालू केला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं मीटरच्या अर्थ पिनला. आकडा आला १.८ व्होल्ट. तिथे ०.२ च्या आत यायला हवं.

आता हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक पोरं इथेच फसतात. तीच वायर गाडी बंद ठेवून ओहमवर बघितली तर ०.३ दाखवते. मल्टिमीटरच्या दोन टोकांचाच रेझिस्टन्स साधारण तेवढा असतो, म्हणून आपण म्हणतो "अर्थ ओके." पण ब्लोअर ६ अँपिअर ओढायला लागला की ६ गुणिले ०.३, झाले १.८ व्होल्ट. ओहमवर मल्टिमीटर जेमतेम करंट सोडतो, तेवढ्याला गंजातली एक बारीक वाटही पुरते. लोड टाकल्याशिवाय खराब अर्थ सापडत नाही. आणि काटा वर का जातो? मीटरच्या आतल्या दिव्यांच्या करंटला परत जायला चांगली वाट मिळत नाही, मग तो सेन्सरच्या वायरमधून इंजिनाच्या बॉडीत शिरतो. मीटरला वाटतं इंजिन तापलं. उपाय पॉलिश पेपर, नवीन लग, नवीन बोल्ट आणि वरून ग्रीस. चाळीस रुपयांचं सामान.

आमच्या भिवपुरीला टाटांच्या केंद्रात १९२२ पासून पाण्यावर वीज तयार होते. शंभर वर्षं वीज बघणारं गाव, आणि आम्ही १२ व्होल्टपुढे हात टेकतो! पण इकडचा पाऊस आणि दमट हवा कुठल्याही लगला सोडत नाही, शेताशेजारी उभ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, आणि दसऱ्याला लोक प्रेशरने गाडी धुतात, डॅशबोर्डखाली पाणी मारतात. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात माझ्याकडे येणारे काटे बघा, निम्म्यात फक्त कप्लर सुकवायचा असतो.

म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारा: एकच काटा चुकतो की दोन-तीन एकत्र? दोन एकत्र चुकत असतील तर जे दोघांना सामायिक आहे तिकडे जा: फ्यूज, सप्लाय, अर्थ. दोन सेन्सर एकाच दिवशी सहसा मरत नाहीत. एकच चुकत असेल तर त्याच्या वायरीच्या मागे लागा. जुन्या एका वायरच्या टेंपरेचर सेन्सरमध्ये गरम झालं की रेझिस्टन्स कमी होतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर काटा थेट लाल पट्ट्यात, आणि वायर तुटली तर काटा कायम थंडीत. मला भीती या दुसऱ्याची वाटते. लाल काटा बघून माणूस थांबतो तरी, थंड काट्यावर इंजिन उकळलेलं कळत नाही. आणखी एक, पाणी पूर्ण निघून गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो. नेरळहून दस्तुरीला टॅक्सी चढवणाऱ्या दादांना हे मी मुद्दाम सांगतो: चढणीला वर गेलेला काटा अचानक उतरला तर खूश होऊ नका, बाजूला घ्या. बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण लगेच नको.

चढावर इंधनाचा काटा हलतो तो बहुतेक वेळा दोषच नसतो, टाकीतलं इंधन एका बाजूला सरकतं. सपाट जागी बघा, मग बोला. टाकीचं झाकण उघडून तिथे टेस्ट लॅम्पने ठिणगी पाडणाऱ्यांना मात्र हात जोडतो.

नव्या गाड्यांचं वेगळं आहे. बीएस ६ नंतरच्या गाड्यांत तर टेस्ट लॅम्प बाजूलाच ठेवा, ईसीयूच्या वायरीला बल्ब लावला तर बिल तुम्ही भराल. स्कॅनर लावा, लाइव्ह डेटा बघा. स्कॅनर ८८ डिग्री दाखवतो आणि काटा झोपलेला, तर मीटरकडे किंवा मीटरपर्यंतच्या वायरिंगकडे जा. स्कॅनरच उणे ४० दाखवतोय? कर्जतला उणे ४० होत नाही. सेन्सरचं सर्किट उघडं पडलंय, आधी कप्लर बघा.

आता हिशोब. काकांना लावलेल्या मीटरवर मला सहाशे सुटले होते. वीस मिनिटं तपासलं असतं आणि दोनशे घेतले असते तर चारशे कमी मिळाले असते, असं कागदावर दिसतं. बीबीएला आम्हाला कॉस्टिंग शिकवलं, पण परत आलेल्या गाडीचा तास कुठल्या रकान्यात लिहायचा ते दुकानाने शिकवलं. मीटर खोलणं-बसवणं दोनदा, सेन्सर एकदा, शेवटचं काम फुकट. शिवाय मीटर आणि सेन्सरचे ४,५५० मी परत केले. इंजिनाचा खर्च काकांनी स्वतः सोसला, त्यातलं मी काही भरून देऊ शकलो नाही.

"गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही" हे मला दर ट्रेनिंगला ऐकायला मिळतं. अर्धं खरं आहे. पहिल्या वर्षी चार-पाच जण दुकानातून उठून गेले, पुढच्या चौकात फुकट बघणाऱ्याकडे. त्यातले काही परत आले, काही नाही आले. पण डॉक्टरची फी देणारा माणूस आपली फी का देत नाही? कारण डॉक्टर काहीतरी लिहून हातात देतो, आपण "बघितलं, मीटर गेलाय" एवढंच तोंडी सांगतो. त्यामुळे मी पावती देतो, आणि पावतीवर आकडे लिहितो: बॅटरी १२.६, इंजिन चालू १४.१, मीटरचा अर्थ लोडवर ०.१, दोन्ही फ्यूज तपासले. काम आमच्याकडेच केलं तर दोनशे बिलातून वजा. दुसरीकडे करायचं असेल तर हाच कागद तिकडे दाखवा म्हणतो. दोष नाही सापडला तर "सापडला नाही" असंही लिहितो, आणि त्या दिवशी पैसे घेत नाही.