मिलिमीटरांच्या पलीकडचा पाऊस

मृगाची सर कुठे किती मिलिमीटर कोसळली, हे हल्ली तासाभरात मोबाइलवर कळते. त्या पाण्यात काय काय विरघळले होते, ते विचारायची आपल्याला सवयच नाही.

निर्मळ हवेतला पाऊसही किंचित आंबट असतो. कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने त्याचा सामू (पीएच) सुमारे ५.६ भरतो. उष्ण कटिबंधात मात्र एवढ्या एका आकड्यावर भागत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातील कॅथरीन येथे कारखान्यांपासून दूर पडणारा पाऊसही आम्लधर्मी निघाला, तो मुख्यतः फॉर्मिक आणि ॲसिटिक या सेंद्रिय आम्लांमुळे. उकाड्यात नमुन्यातले जिवाणू ही आम्ले फस्त करतात. म्हणून बाटलीत थायमॉल, म्हणजे आपले ओव्याचे फूल, टाकावे लागते.

भारतात गोष्ट उलटी. मातीच्या धुळीतला चुना आम्ल मारतो, सामू छान दिसतो. सल्फेट आणि नायट्रेट मात्र पाण्यात तसेच राहतात. त्यात भांडे उघडे ठेवले तर सरीआधीच धूळ साचते आणि आम्लता आणखी झाकली जाते. यासाठीच सर येताच झाकण उघडणारे, थांबताच मिटणारे संग्राहक हवेत, आणि प्रत्येक आयनाची वेगळी मोजणीही.

हवामान विभाग जोधपूर ते पोर्ट ब्लेअर अशा दहा केंद्रांवर पावसाचे रसायन तपासतो. नागपूर आणि पुणे त्यांतलीच. अनेक दशकांच्या नोंदींत बहुतेक ठिकाणी सामू घसरताना दिसतो. सामू एकाने उतरला की आम्लता दसपट होते, हे ध्यानात घेतले तर ही घसरण किरकोळ वाटणार नाही.

आणि नेमक्या याच काळात, जुलै २०२५ मध्ये, केंद्र सरकारने बहुतेक कोळसा वीजप्रकल्पांना धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट दिली. हवेत हा वायू मर्यादेतच आहे, हा त्यामागचा युक्तिवाद. पण वायू हवेत कायम थोडाच राहतो? त्याचे सल्फेट होते आणि ते दूर कुठेतरी पावसाबरोबर उतरते. तेव्हा सूट द्यायची तर पाऊस तपासण्याची जबाबदारीही घ्यायला हवी. चंद्रपूर, कोराडी, चेंबूर, तारापूर येथे प्रदूषण नियंत्रण मंडळाने असे आपोआप झाकण उघडणारे संग्राहक बसवावेत, वळवाच्या आणि पहिल्या सरींचे निकाल वेगळे जाहीर करावेत. जाणकार शोधायला लांब जायला नको. पुण्यात पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत या विषयावर कित्येक वर्षे काम झाले आहे.