रंगाची कावीळ

दूरदर्शनच्या वृत्तवाहिनीने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या बोधचिन्हाचा लाल रंग बदलून भगवा केला आणि एकच गदारोळ उठला. प्रसारभारतीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी जवाहर सरकार यांना त्यात ‘प्रचारभारती’ दिसली. ममता बॅनर्जी आणि स्टॅलिन यांनीही निषेधाचा सूर लावला. लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत हा बदल का, हा प्रश्न रास्तच होता. पण आक्षेप मुहूर्तावर न थांबता रंगावर घसरला. चिन्ह लाल होते तेव्हा वाहिनी साम्यवादी झाल्याची ओरड कोणी केली होती? मग संन्याशाच्या छाटीचा, वारकऱ्याच्या पताकेचा आणि राष्ट्रध्वजाच्या पहिल्या पट्ट्याचा रंगच तेवढा संशयित कसा?

प्रसारभारतीने मात्र हा रंग नारिंगी असल्याचा खुलासा केला. भगव्याला भगवा म्हणण्याचा हा संकोच कशासाठी? टीकाकारांनी रंगापेक्षा बातम्या तपासाव्यात, हे खरेच. परंतु भगवा हा त्यागाचा आणि सत्यनिष्ठेचा रंग आहे. तो मिरवणाऱ्या वाहिनीचे वृत्त निःपक्ष नसेल, तर त्या रंगाची अप्रतिष्ठा टीकाकारांकडून नव्हे, तिच्याकडूनच होईल.