बाटलीवरचं आडनाव

आमच्या पुतण्याने नारायणगावच्या शेतात वाइनचा कारखाना काढायचं ठरवलं, आणि येरवड्याच्या आमच्या दोन खोल्यांत कुळाची अब्रू वाचवायला सभा भरली.

"या येरवड्याच्या तुरुंगात गांधीजी राहिले, आणि आपण दारू गाळायची?" अक्का कडाडली आणि जेवणानंतरचं द्राक्षासव दोन चमचे घेती झाली. आता त्यात काय असतं? द्राक्षं, साखर, धायटीची फुलं, सगळं आंबवलेलं. मद्यार्क त्यात आपसूकच तयार होतो. चमच्याने घेतलं की औषध आणि पेल्याने घेतलं की अधःपात, हा हिशेब मला आजवर उमगलेला नाही!

वाइन ही दारूच, हे मला कबूल. दारूपायी घरं बुडतात, हेही कबूल. पण मंडळी भलत्याच जागी भांडत होती.

पोराचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. कुकडीच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री गार, दिवस कोरडे. युरोपात वेल थंडीत झोपते. आपला शेतकरी पावसाळा सरता सरता छाटणी करून तिला ऐन थंडीत कामाला जुंपतो. याच नारायणगावात चौगुल्यांनी 1980च्या दशकात शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन करून थेट परदेशी धाडली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला घरच्या जमिनीवर आले आणि 2000 साली त्यांची पहिली वाइन निघाली. म्हणजे वाट आहे. पण चौगुल्यांचा डोलारा पुढे कर्जाखाली कोसळला, हेही त्याच वाटेवर आहे.

तेव्हा विचारायचं ते हे, की नवी वेल धरायला दोन-तीन वर्षं, मग टाक्या, मग मुरवणं. तोवर सूनबाईने चूल कशावर पेटवायची? आणि ऐन काढणीत गारपीट झाली तर? संस्कारांवर तीन तास बोलणाऱ्या सभेत हे एकानेही विचारलं नाही. शेवटी मी विचारलं. पुतण्या खाली बघत म्हणाला, "काका, जमीन तारण ठेवलीय."

सभेला ते ऐकूच गेलं नाही. चहा आला आणि अक्काने ठराव सांगितला, "कर बाबा तुला काय करायचं ते. पण बाटलीवर आपलं आडनाव नको!"

कर्जाच्या कागदावर ते चार ठिकाणी आहे. तिथे कुणाचीच अब्रू गेली नाही.