कोसबाडचा दाखला आणि चंचल मूल

मराठीत बालशिक्षणाची चर्चा निघाली आणि तीत एडीएचडीचा, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता या विकाराचा, उल्लेख झाला की कोणीतरी जाणकार कोसबाडचा दाखला देतोच. मुलांना चार भिंतींत कोंडू नका, त्यांना झाडाखाली बसवा, शंखशिंपल्यांशी खेळू द्या, मग पाहा कोणते मूल चंचल राहते ते! विकार मुलात नाही, शाळेत आहे. शाळा बदलली की तो उरत नाही, असा या युक्तिवादाचा मथितार्थ. तो ऐकायला गोड आहे आणि पुरोगामीही वाटतो. आमच्या मते तो चूक आहे, आणि ज्या कोसबाडच्या नावाने तो केला जातो त्या परंपरेवरही अन्याय करणारा आहे.

कोसबाडला काय घडले ते आधी पाहू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. मुले गुरे राखायला जातात म्हणून येत नाहीत हे दिसले, तेव्हा शाळा कुरणात गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे दोन शब्द या पाहण्यातून आले. ‘पाहण्यातून’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. मूल का येत नाही याचे उत्तर त्यांनी तत्त्वज्ञानातून काढले नाही. एकेका मुलाकडे पाहून, प्रत्येकाचे कारण वेगळे असू शकते हे गृहीत धरून ते शोधले.

या परंपरेचे मूळ तर थेट दवाखान्यात आहे. मारिया माँटेसरी या डॉक्टर होत्या. १९०७ साली रोममध्ये त्यांनी पहिले बालगृह काढले, त्याआधी त्या मतिमंद ठरवल्या गेलेल्या मुलांबरोबर काम करीत होत्या. आणि ज्यांच्या साधनांवरून त्यांनी आपली साधने घडवली ते इतार आणि सेगँ हेही वैद्यकाचेच लोक. गिजुभाई बधेका व ताराबाई यांनी ही पद्धती भावनगरला रुजवली आणि ताराबाईंनी ती पुढे डहाणूच्या मातीत आणली. तेव्हा ‘निदान’ हा शब्द उच्चारताच बालशिक्षणाचा विटाळ झाला असे मानणाऱ्यांनी आपल्याच घराची वंशावळ एकदा वाचलेली बरी.

आता विकाराविषयी. मूल धावते, बोलते, खुर्चीत चुळबुळ करते म्हणून त्याला एडीएचडी आहे असे कोणताही जबाबदार वैद्य म्हणत नाही. २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेची अट अशी, की अवधानाची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान सहा लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावीत, त्यांतील काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीची असावीत, ती घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, आणि त्यांमुळे मुलाच्या जगण्यात खरोखर अडथळा येत असावा. सतरा वर्षांपुढे पाच लक्षणे पुरतात. ‘दोन ठिकाणी’ ही अट नीट वाचावी. जे मूल केवळ वर्गात सैरभैर होते आणि अंगणात शांत असते त्याला हे निदान लागूच होत नाही. म्हणजे शाळेचा दोष मुलाच्या माथी मारू नये ही काळजी या निकषांतच घेतलेली आहे. उरते ते मूल, जे झाडाखालीही सैरभैर असते. ते आहे, जगभरच्या अभ्यासांची सरासरी शंभरात पाच मुलांच्या आसपास येते. कोसबाडचा दाखला देणाऱ्यांपाशी त्याच्यासाठी काहीच नाही.

आणखी एक गैरसमज नावातूनच आला आहे. या मुलांपाशी लक्ष कमी असते असे नाही. आवडीच्या कामात ती तासन् तास बुडतात. लक्ष कोठे लावायचे, कोठून काढायचे, हे ठरवणारा लगाम सैल असतो. ‘खेळताना बरे लक्ष असते!’ हा टोमणा म्हणून मुलाचे खोटे पकडणारा पुरावा नसून विकाराचेच एक लक्षण आहे.

आमची भाषा या बाबतीत निर्दोष नाही. व्रात्य, द्वाड, वांड, धांदरट, वेंधळा, आळशी ही आमची निदानपुस्तिका. ‘व्रात्य’ म्हणजे मुळात संस्कारांतून सुटलेला, गोताबाहेरचा. मराठीत तो खोडकर झाला, तरी बाहेर उभे करण्याची खोड शब्दाने सोडली नाही. आमच्या बालसाहित्याने खोडकर मुलगा लाडाचा केला खरा, पण तो अखेरीस काहीतरी पराक्रम करतो म्हणून. खिडकीबाहेर पाहत बसलेली, वही हरवणारी, अर्धे वाक्य ऐकून गप्प राहणारी मुलगी त्या पानांवर क्वचितच येते. मुलींमध्ये हा विकार पुष्कळदा असाच निमूटपणे राहतो, आणि म्हणून त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही. तीच गत किशोरवयाची. धावपळ कमी होते, आतली अस्वस्थता राहते, आणि ‘आता मोठा झालास’ म्हणून सवलत मात्र संपते.

प्रतिपक्षाचे तीन आक्षेप राहतात. पहिला असा, की हे पाश्चात्त्य औषध कंपन्यांचे खूळ आहे. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश वैद्याने अवधानाच्या अशा अवस्थेचे वर्णन १७९८ साली केले आणि जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली ती १९०२ साली. उत्तेजक औषधाचा परिणाम चार्ल्स ब्रॅडली यांना आढळला १९३७ साली. आधी मूल दिसले, गोळी नंतर आली. दुसरा आक्षेप, रक्ताची चाचणी नाही म्हणून आजार नाही. अर्धशिशीलाही नाही, ती नाकारून कोणाचे डोके दुखायचे थांबलेले नाही. तिसरा आक्षेप आम्हांला मान्य आहे. महानगरांत घाईघाईने शिक्का मारण्याची आणि त्रास देणाऱ्या मुलाला गप्प करण्यासाठी औषध मागण्याची वृत्ती आहेच. पण चुकीच्या निदानावर उपाय अधिक चांगले निदान हा असतो. लहान वयात आधी पालकांना मार्गदर्शन आणि वर्गातले बदल, आणि औषध लागलेच तर तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, हा क्रम वैद्यकानेच सांगितलेला आहे.

हा वाद मुंबई-पुण्यापुरता ठेवण्याची सोय मात्र आम्ही कोणाला देणार नाही. डहाणू तालुक्यातले आगर घ्या, किंवा तलासरीतला एखादा पाडा. येथे वर्गात अस्वस्थ असलेले मूल उपाशी असू शकते, त्याच्या रक्तात लोह कमी असू शकते, त्याला ऐकू कमी येत असेल, रात्री झोप मिळत नसेल. घरी वारली बोलणाऱ्या मुलासमोर पुस्तकातली प्रमाण मराठी असते. दिवाळीनंतर आईबाप वीटभट्टीवर गेले की त्याचे वर्षच दुभंगते. यांतले प्रत्येक कारण एडीएचडीसारखे दिसू शकते, आणि यांतले प्रत्येक कारण असूनही मुलाला एडीएचडी असू शकतो. हे वेगळे कोण करणार? आश्रमशाळेत तर घर आणि शाळा एकच. मग ‘दोन ठिकाणी’ या अटीचा दुसरा जबाब कोणाचा घ्यायचा? मूल चार वर्षांचे असताना कसे होते हे सांगणारी आई दूरच्या भट्टीवर आहे. निदानाची अक्षमता येथे मुलाची नसून व्यवस्थेची आहे.

आणि व्यवस्थेला हे ठाऊक नाही असेही नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या ज्या तीस तक्रारी तपासायच्या ठरल्या त्यांत एडीएचडी आहे. अंगणवाडीत आणि शाळेत पथकाने मुले तपासावीत आणि गरज वाटल्यास जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवावीत, अशी ती योजना. त्याच शासनाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. शोधण्याच्या यादीत आहे, हक्काच्या यादीत नाही. म्हणजे मूल सापडलेच तर त्याच्या हाती द्यायला कागद नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी घातली हे चांगले झाले, पण छडी काढून घेतलेल्या शिक्षकाच्या हाती दुसरे काय दिले?

आमची मागणी साधी आहे. अध्यापक पदविकेत हा विकार एका परिच्छेदापुरता न ठेवता, लक्षण कसे पाहावे आणि कसे नोंदवावे हे शिकवावे. अस्वस्थ मुलाचे कान, डोळे, रक्त आणि झोप आधी तपासावी. आश्रमशाळेत अधीक्षकाची नोंद आणि पालकांशी प्रत्यक्ष, त्यांच्या बोलीत झालेले बोलणे निदानात धरावे. कायद्यात या मुलांना जागा द्यावी. आणि वर्गात पुढचा बाक, लहान सूचना, कामाचे तुकडे, मध्ये उठून फिरण्याची मुभा एवढे तर उद्यापासून करता येते. त्यासाठी शासननिर्णय लागत नाही.

कुरणात शाळा नेणाऱ्या बायकांनी मुलाला त्याच्या जागी जाऊन गाठले होते. झाडाखालीही ज्याचे मन थाऱ्यावर नाही त्या मुलाची जागा कोणती, हा प्रश्न त्यांच्या वारसदारांनी सोडवायचा आहे. ‘आमच्याकडे असले काही नसते’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.