मऊभात, ओआरएस आणि रात्रीची बस

आमच्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणी "ताप आहे, आज येत नाही" असं टाकलं की पाच मिनिटांत सल्ल्यांची रांग लागते. किवी खा. ड्रॅगन फ्रूट खा. पपईच्या पानांचा रस घे, प्लेटलेट्स वाढतात. प्रोटीन शेक सुरू कर, वीकनेस जाईल. एक जण न चुकता कुठल्यातरी इम्युनिटी काढ्याची लिंक टाकतो. पण "सकाळपासून पाणी किती प्यायलास? लघवीला शेवटचं कधी गेलास?" हे विचारणारा माईचा लाल मला अजून भेटलेला नाही. आणि डॉक्टरकडे गेलात तर तो पहिल्यांदा नेमकं हेच विचारतो!

माझं मत अगदी साधं आहे. आजारपणात आणि प्रवासात अन्नाचं कामच बदलतं. एरवी आपण खातो ते ताकदीसाठी, चवीसाठी, वजनासाठी, इन्स्टाग्रामसाठी वगैरे वगैरे. आजारी माणसाच्या आणि प्रवाशाच्या पोटात जायला हवं ते पाणी, मीठ, थोडी साखर किंवा भात, आणि ते स्वच्छ असायला हवं. बस्स. विंडोज बिघडली की आपण एफ-८ दाबून सेफ मोडमध्ये जायचो ना, तसं. फक्त लागतील तेवढे ड्रायव्हर चालू, बाकी सगळं बंद. सेफ मोडमध्ये असलेल्या मशीनवर कुणी नवा गेम इन्स्टॉल करत नाही. आपण मात्र १०२ ताप असलेल्या पोटात ड्रॅगन फ्रूट घालतो.

गंमत म्हणजे भाषेला हे आधीच कळलेलं आहे. आजाऱ्याचं ते पथ्य आणि वाटसरूची शिदोरी ते पाथेय. दोन्ही शब्द एकाच 'पथ'वरून आलेले. पथ्य म्हणजे वाट न सोडणारं. आजारी माणूस आणि प्रवासी दोघेही आपल्या नेहमीच्या स्वयंपाकघरापासून तुटलेले असतात, आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे दोघांनाही माहीत नसतं. (संस्कृतात मला दहावीला बरे मार्क होते, म्हणून हा आगाऊपणा.)

आता हे एवढं तावातावाने का लिहितोय ते सांगतो. माझा रूममेट लातूरचा. २०२३ च्या मे महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी त्याचं पोट बिघडलं. दोन-तीनदा जाऊन आला, पण तिकीट काढलेलं होतं, घरी पूजा होती, त्यामुळे रात्रीच्या स्लीपर बसमध्ये चढलाच. बसमध्ये टॉयलेट नाही. सारखं सारखं ड्रायव्हरला गाडी थांबवायला कसं सांगायचं, म्हणून पठ्ठ्याने पाणीच बंद केलं. बरोबर मात्र दोन टेट्रापॅक होते. मेडिकलमधून घेतलेले, वर ठळक अक्षरांत ओआरएस लिहिलेलं, सफरचंदाच्या चवीचे. ते त्याने प्यायले आणि जुलाब आणखी वाढले. सकाळी लातूरला उतरला तेव्हा त्याला धड उभं राहता येत नव्हतं. सलाईन लागलं, क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. तीन दिवस ॲडमिट. किडनी पूर्ववत झाली, पण डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना जे ऐकवलं ते त्यांनी मला जसंच्या तसं फोनवर ऐकवलं. २६ वर्षांचा, जिमला जाणारा, सिक्स पॅकच्या वाटेवरचा माणूस एका रात्रीत इतका खाली जाऊ शकतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्या टेट्रापॅकमध्ये काय चुकलं हे समजायला थोडं प्लंबिंग समजून घ्यायला हवं. आपल्या आतड्याच्या भिंतीत एक दार असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच उघडतं. दोघे आत शिरले की त्यांच्यामागून पाणी शिरतं. रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये ही कल्पना मांडली. खरी मजा पुढे आहे. कॉलऱ्यात आतड्यातून बदाबदा पाणी बाहेर जात असतं तेव्हाही हे दार शाबूत असतं. म्हणजे बाहेर जाणारं पाणी थांबवता आलं नाही, तरी मीठ-साखर योग्य प्रमाणात देऊन आत येणारं वाढवता येतं.

हे प्रत्यक्षात करून दाखवलं डॉ. दिलीप महालनबीस यांनी. १९७१, पश्चिम बंगालमधलं बनगाव, बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्या, कॉलऱ्याची साथ. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलेलं आणि ते लावणारे हातही अपुरे. त्यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे मिश्रण मोठ्या पिंपांत तयार करून घेतलं, पिंपांना तोट्या लावल्या आणि रुग्णांच्या नातेवाईकांनाच सांगितलं, पाजत राहा. आधी २० ते ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. ना मशीन, ना लायसन्स, ना ॲप! २०२२ मध्ये ते गेले आणि पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. यावर काय बोलायचं... असो.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एका लिटरच्या पाकिटात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. डब्यातल्या फळांच्या रसात साखर किती? साधारण दर १०० मिलीला १० ग्रॅम, म्हणजे लिटरला १०० च्या घरात. इतकी साखर आतड्यात गेली की ती पाणी आत घ्यायच्या ऐवजी उलट आतड्यात ओढून आणते. म्हणजे जुलाब झालेल्या माणसाला गोड रस देणं हे आगीत तेल, फक्त सफरचंदाच्या चवीचं. असल्या पेयांच्या नावात ओआरएस ही अक्षरं वापरायला आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्यासाठी हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी अनेक वर्षं भांडण केलं. तरीही दुकानदार काय हातात ठेवेल याचा भरवसा धरू नका. पाकिटावर मागच्या बाजूला घटक वाचा, 'जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार' असं लिहिलंय का पाहा, आणि एका लिटरचं पाकीट एका लिटरमध्येच विरघळवा. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतणारे महाभाग मी पाहिले आहेत. पाकीट मिळत नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर ते घातक, त्यामुळे इथे अंदाजपंचे नको. किडनीचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आधी डॉक्टरला विचारा.

आता पेजेकडे वळतो. मी सावंतवाडीकडचा. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज ही आजाऱ्याचीही आणि धडधाकट माणसाचीही. "पेज खा, बरा वाटतला" हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा राग यायचा. पण मीठ घातलेली पेज म्हणजे काय? पाणी, मीठ, आणि पोटात गेल्यावर हळूहळू ग्लुकोज होणारा स्टार्च. कॉलऱ्याच्या रुग्णांत ग्लुकोजऐवजी तांदळाचं पीठ वापरून केलेल्या ओआरएसवर रीतसर संशोधन झालंय आणि ते चांगलं चाललंय. म्हणजे आमची पेज त्याच खानदानातली. देशावरचा मऊभात-मेतकूट, साळीच्या लाह्यांचं पाणी, मुगाचं कढण, सगळे तिचे चुलतभाऊ. कुठल्याही पेयाच्या बाटलीपेक्षा स्वस्त, आणि वर आल्याचा-हिंगाचा वास फुकट.

पण थांबा, "आजीचं सगळं बरोबर होतं" छापाचा हा लेख नाही. आजीचं बरंच चुकायचंही. जुलाब झाले की खाणं बंद, पाणीसुद्धा घोटभरच, हे कित्येक घरांत चालायचं आणि अजून चालतं. लहान मुलाच्या बाबतीत हे फार महागात पडतं. जुलाबात खाणं चालू ठेवायचं असतं, थोडं थोडं, आणि पाणी वाढवायचं असतं. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा खर्च दहा टक्क्यांहून जास्त वाढतो, त्यामुळे आठवडाभराच्या तापात लंघन म्हणजे पगार बंद आणि ईएमआय दुप्पट. आणि काविळीत उसाचा रस! अ आणि ई प्रकारची कावीळ पसरते मुळात घाण पाण्यातून, आणि तिच्यावर उपाय म्हणून आपण रस्त्यावरच्या गुऱ्हाळातला, कुठल्या पाण्याचा आहे ते देव जाणे अशा बर्फाचा रस पितो. याला मराठीत काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

डेंग्यूतही तेच. किवीचे भाव पावसाळ्यात चढतात ते आपल्यामुळे. डेंग्यूत घोळ होतो तो रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपल्यामुळे, आणि ते झिरपतं साधारण ताप उतरायला लागतो तेव्हा, "आता बरं वाटतंय" म्हणून आपण लॅपटॉप उघडतो नेमक्या त्याच दिवशी. तेव्हा पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा गळून गेल्यासारखं झालं तर सरळ हॉस्पिटल गाठायचं. तोवर पेज, ताक, वरणाचं पाणी, नारळपाणी, ओआरएस, जे पोटात राहील ते. आणि मनाने आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घ्यायची नाही.

"हे सगळं ठीक आहे, पण एकट्याने राहणाऱ्या माणसाला मऊभात करून कोण देणार?" हा आक्षेप खरा आहे. ॲपवरून खिचडी मागवली की बटर आणि लाल मिरचीची फोडणी असलेली येते, वर लोणचं-पापड. म्हणून प्रत्येक फ्लॅटमध्ये एक छोटा कुकर, तांदूळ, मुगाची डाळ, हिंग, मीठ आणि ओआरएसची चार पाकिटं हवीतच. वाटीभर तांदूळ, अर्धी वाटी डाळ, सहा वाट्या पाणी, पाच शिट्ट्या. प्रॉडक्शनवर डिप्लॉयमेंट करणाऱ्या माणसाला हे जमत नसेल तर त्याला न जमायचंच आहे. आणि ही तयारी बरे असताना करायची. तापात माणूस निर्णय घेत नाही, स्क्रीनवर जे पहिलं दिसेल ते मागवतो.

प्रवासात माझा नियम थोडा उलटा वाटेल. हायवेवर सॅलड, कापलेली फळं, हिरवी चटणी आणि बर्फ यांना हात लावायचा नाही, भले ते कितीही हेल्दी दिसो. त्यापेक्षा डोळ्यांसमोर कढईतून निघालेली भजी परवडली. डाएटवाले मारतील मला, पण उकळत्या तेलातून जंतू जिवंत बाहेर येत नाहीत, काकडीवरून येतात. सगळ्यात वाईट म्हणजे दुपारी शिजवून कोमट ठेवलेला भात. त्यात वाढणाऱ्या एका जंतूचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळे 'परतून देतो साहेब' याला अर्थ नाही. आणि रात्री दीड ही पनीर मसाला खायची वेळ नाही, बस थांबली म्हणून भूक लागलीच पाहिजे असं काही नसतं.

सगळ्यात उत्तम दशमी. दुधात भिजवलेली, एक-दोन दिवस मऊ राहणारी, आणि सोबत शेंगदाण्याची नाहीतर जवसाची कोरडी चटणी. कोरड्या चटणीत पाणी नाही, त्यामुळे जंतूंची डाळ शिजत नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी बैलगाडीसाठी केलेलं हे डिझाइन स्लीपर बसलाही चालतं.

राहता राहिलं पाणी, आणि इथे मला खरोखर राग येतो. माझ्या टीममधल्या मुली रात्रीच्या बसने जायचं असलं की संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाहीत. डोकं दुखतं, लघवीला जळजळ होते, सोमवारी अँटिबायोटिक. का, तर बस कुठे थांबेल, तिथलं टॉयलेट वापरण्यासारखं असेल का, दाराला कडी असेल का, हे कुणालाच माहीत नसतं. त्यांना "हायड्रेटेड राहा" असा सल्ला देणं म्हणजे थट्टा आहे. तिकिटाच्या ॲपवर सीट दिसते, चार्जिंग पॉइंट दिसतो, ब्लँकेट मिळणार का ते दिसतं. थांबा कुठे आणि तिथे स्वच्छ टॉयलेट आहे का, एवढं एक फील्ड टाकायला किती दिवस लागतील? आपण याच धंद्यात आहोत, अंदाज आपल्याला आहे. तोवर मी बुकिंगच्या आधी ऑपरेटरला फोन करून विचारतो. बहुतेक जण आधी हसतात. मागच्या महिन्यात एकाने मात्र ढाब्याचं नाव, वेळ आणि 'लेडीजचं वेगळं आहे, कडी आहे' असं सगळं नीट सांगितलं. त्याचा नंबर मी टीमच्या ग्रुपवर टाकला. किवीच्या फॉरवर्डच्या खाली.