नदीनाक्यावर नदी विचारू नका

भिवंडीहून वाड्याकडे निघालात की नदीनाका लागतो. रिक्षावाला नाव पुकारतो, उतारू उतरतात. पुलाखाली वाकून कुणी बघत नाही. खाली कामवारी नदी आहे. तिचा रंग कोणता, हे त्या दिवशी डाईंगवाल्याकडे कसल्या कापडाची ऑर्डर आली होती त्यावर ठरतं.

या नदीकाठी झाडं लावायचं आमंत्रण मला दर पाच जूनला येतं. मागच्या खेपेला गेलो. मांडव, शाल, श्रीफळ, आणि पर्यावरणावरच्या भाषणासाठी घसा ओला करायला प्लास्टिकच्या बाटल्या. हातात रोप दिलं ते सप्तपर्णीचं. नदीकाठची झाडं म्हणजे करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. काठाची माती धरून ठेवणारी, पायात पाणी साचलं तरी न कुरकुरणारी. विचारलं तर उत्तर मिळालं, ‘साहेब, नर्सरीत हीच होती.’ 2019 साली राज्याने एकाच पावसाळ्यात 33 कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला होता. आकडा देवांचा, तेव्हा हिशेबही त्यांनीच ठेवावा.

माझं म्हणणं सरळ आहे. लावू नका. आधी मारायचं थांबवा.

नदी राहू द्या, भिवंडीच्या खाडीकडे तिवरं कशी मारतात ते पाहिलंय? कुऱ्हाड लागत नाही. चिखलातून बोटबोटभर वर आलेल्या मुळांनी तिवर श्वास घेतं. भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला निघून जातं, त्यावर त्याचा जीव. एक बांध घाला, येणंजाणं बंद. किंवा रात्री चार डंपर डेब्रिज टाका, मुळं गाडली जातात. झाड उभ्या उभ्या वाळतं. मग साहेब येतात, ‘इथं कांदळवन नाहीच’ म्हणतात, आणि त्या दिवशी ते खरंही असतं. पुढे भराव, पत्रे, गोदाम. मुंबईची जकात चुकवायला काल्हेर, दापोडे, मानकोली इथं गोदामं वाढली. जकात 2017 मध्ये गेली, गोदामांची भूक गेली नाही.

कायदा नाही म्हणून हे चालतं, असं कुणी सांगू नये. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 मध्ये तिवरांच्या तोडीला मनाई केली, भोवतीचा 50 मीटरचा पट्टा राखायला सांगितलं. 2018 मध्ये तर तिवरांची नासधूस म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्कावर घाला, असं बजावलं. निकाल फायलीत हिरवेगार आहेत. खाडीची पसरायची जागा बुजवल्यावर पावसाचं पाणी गिऱ्हाईक होऊन तीनबत्तीच्या बाजारात शिरतं, तेव्हा त्याला ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणायचं.

एवढं बोललं की पेठेतला कुणीतरी विचारतोच : यंत्रमाग बंद पाडणार का? अरे, माग फिरायला नदी लागत नाही, वीज लागते! पाणी नासतं ते डाईंग-सायझिंगमध्ये. प्रक्रिया न करता सोडलेल्या त्या सांडपाण्यासाठी गरीब मागवाल्याच्या पोटाची ढाल पुढे करू नका. बारा-बारा तास मागावर उभा राहणाऱ्याचं घर बहुधा त्याच सांडपाण्याच्या नाल्याला लागून असतं.

आणि हो, शिवाजी महाराजांचं आरमार याच कल्याण-भिवंडीच्या खाडीत आकाराला आलं, हे आम्ही प्रत्येक भाषणात सांगतो. खाडीत आज होडकं घालायचं म्हटलं तर आधी गाळाची परवानगी घ्यावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी खाडीकडचा एक जुना बांध पावसात फुटला. भरती आत आली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्या चिखलात तिवराची वीतभर रोपं उगवली, कुणी न लावता, फोटो न काढता. ती मोजायला कुणीच आलं नाही. ती दिसल्यावर बांधाचं भगदाड बुजवायला मात्र जेसीबी आठ दिवसांत आला.