हप्!

इंग्लंडातले स्पॅनियलवाले कुत्र्याला 'बस' म्हणत नाहीत, 'हप्' म्हणतात. हे ज्ञान मला लेकीच्या शेजाऱ्याकडून मिळाले. लेक हेरफर्डशायर परगण्यात डॉक्टर आहे. गेल्या वर्षी तिच्याकडे आम्ही तीन महिने राहिलो, आणि त्यातला निम्मा काळ मी कुंपणाशी उभा राहून काढला. पलीकडे एक निवृत्त टपालवाले आजोबा आपल्या दीड वर्षाच्या स्प्रिंगर कुत्रीला, टिलीला, शाळा शिकवीत होते.

स्पॅनियल या नावात स्पेन दडला आहे. स्प्रिंगर म्हणजे सावज उठवणारा. बंदुका येण्याआधी यांचे पूर्वज जाळ्यासाठी आणि ससाण्यासाठी पक्षी उठवीत. 1899 साली इंग्लंडात स्पॅनियलांची पहिली मैदानी परीक्षा झाली. परीक्षा कसली, तपश्चर्याच! मालकापासून तीसेक पावलांच्या आत डावीउजवीकडे नागमोडी धावायचे, झुडपात शिरून पक्षी हुडकायचा, उडवायचा. येथवर सारे रक्तातच असते. पण पक्षी उडाला की त्याच क्षणी बुड टेकायचे! बार झाला, पक्षी पडला, तरी हुकुमावाचून हलायचे नाही. आणि मग तो आणायचा, तोही दात न लावता. म्हणजे, वाचकहो, पोरापुढे चकल्यांचा डबा उघडायचा आणि म्हणायचे, 'थांब, नैवेद्य व्हायचाय!'

हे सारे साहेबी नखरे असावेत असे मला वाटले होते. पण फेझंट उठतो तो आधी खालूनच, आणि ससा तर जमीन धरूनच पळतो. कुत्रे मागे धावले की बंदूक आणि सावज यांच्या मधोमध तेच येते. आजोबांचा पहिला कुत्रा असाच कुणा दुसऱ्याच्या छर्ऱ्यांनी गेला. एवढे सांगून त्यांनी विषय बदलला.

शिक्षण सुरू झाले जेवणाच्या ताटलीपासून. तळहात वर, 'हप्', आणि परवानगीवाचून घास नाही. मग शिटी. एक लांब म्हणजे असशील तिथे बस, दोन आखूड म्हणजे वळ, आखूड शिट्यांची माळ म्हणजे परत ये. शिटीही ॲक्मे कंपनीची, 210½ क्रमांकाची! ती हरवली तरी त्याच क्रमांकाची नवी त्याच सुरात वाजते. आमच्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला हे एकदा सांगितले पाहिजे.

त्यानंतर कॅनव्हासची भरीव पिशवी. ती फेकली की टिली आणायला धावणार असे तुम्हांला वाटेल. छे! दहांपैकी सहासात वेळा ती बसून राही आणि आजोबाच गुडघे धरून आणायला जात. आमची सौ. म्हणाली, "अहो, कुत्रीच शिकवतेय म्हातारबुवांना!" पण पडलेली प्रत्येक वस्तू आपल्यासाठी नसते, हे तिच्या मनात ठसवायचे होते. नातवाने तिला चेंडू फेकला तेव्हा मात्र आजोबा रागावले. फेकलेल्यामागे धावायची चटक सुटत नाही म्हणे. दोरीची ओढाताणही बंद, कारण तिने पकड घट्ट होते आणि पुढे पक्षी चेंगरतो.

बारांची सवयही अशीच सावकाश. आधी शेताच्या पार टोकाला लहान पिस्तुलाचा बार, आणि इकडे ती आवडीच्या कामात दंग. मग अंतर थोडेथोडे कमी करायचे. आपल्याकडच्या कुत्र्यांना पहिलाच धडा सुतळी बॉम्बचा मिळतो. ती पलंगाखाली शिरली तर नवल काय?

तिथे फेझंटची शिकार 1 ऑक्टोबर ते 1 फेब्रुवारी चालते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असल्या शिकारीवर पडदा पाडला, त्याचे मला दुःख नाही. सौ. तर पहिल्यापासून फेझंटच्या बाजूची.

ऑक्टोबर उजाडताच बोलावणी आली. आजोबा गेले नाहीत. एकदा पाठलागाची गोडी लागली की सगळी मेहनत मातीत. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. नवे पिलू वाढवायची ताकद आता नाही, हे ते स्वतःच म्हणत. टिली ही त्यांची शेवटचीच.

नोव्हेंबरात एकदाचे निघाले, मलाही नेले. बंदूक मित्राच्या हाती; आजोबांचे डोळे कुत्रीवर. ओरडत, फडफडत फेझंट उठला. टिली बसली. बार झाला, पक्षी चाळीसेक पावलांवर पडला. बसलेलीच! तोच तिच्या नाकाखालून ससा निघाला. तिचे मागचे पाय उचललेले मी पाहिले. मित्राची बंदूक अजून वरच होती.

शिटी वाजली, एकच, लांब.

टिली थरथरत खाली टेकली. ससा कुंपणापार गेला. मित्राने बंदूक उतरवली. आजोबा बराच वेळ नाक शिंकरत राहिले. मग पडलेला पक्षी आणायला स्वतःच निघाले, गुडघे धरून.

दुसरा पक्षी मात्र तिला आणू दिला. एक पीसही मोडले नव्हते. घरी येताच सौ.ने विचारले, "काय झाले?" मी सशाचीच बातमी आधी सांगितली.